साडेआठ पीएचचं पाणी

पहाटे ५

लोकांच्या माशांच्या टाक्या तपासायला निघायचं, तर दिवसाचं पहिलं काम मीटरचं. पेनासारखा पीएच मीटर रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात टोक बुडवून ठेवावा लागतो. टोक कोरडं पडलं की मीटर भरकटतो, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला तरी लवकर बिघडतो. त्याच्याबरोबर भुकटीच्या तीन पुड्या मिळतात: ४.००, ६.८६ आणि ९.१८ च्या. उन्हाळ्यात पुण्याच्या पूर्वेकडे काम असलं की मी ६.८६ आणि ९.१८ या दोनच विरघळवतो. तिकडचं पाणी आठच्या आसपास येणार हे ठाऊक असतं, तेव्हा मीटर त्या टप्प्यात खरा हवा. आज ९.१८ च्या द्रावणात त्याने ९.०३ दाखवलं. मागच्या स्क्रूने जागेवर आणला. फरक दीड दशांशाचा, पण आज सगळा निवाडा दशांशांवरच व्हायचा आहे.

पिशवी भरली: कार्बोनेट हार्डनेसचं, म्हणजे केएचचं किट, एकूण कठीणपणाचं म्हणजे जीएचचं किट, अमोनिया, नायट्राइट, क्लोरीनसाठी ओटीचे थेंब, ड्रॉपरच्या बाटलीत व्हिनेगर, भिंग, सायफनचा पाइप, अँटी-क्लोरीनचे खडे. आणि सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे झाकणाच्या डब्यात टाकीच्याच पाण्यात बुडवलेला एक मळकट स्पंज. माझ्या निरोगी टाकीत तो कित्येक महिने चालत होता. त्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. तो वाळला किंवा फार वेळ हवेविना राहिला की कामातून गेला, म्हणून पहिल्या घरी तो आधी पोचवायचा.

इतक्या लवकर निघायचं कारण म्हणजे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड. रात्रभर मासे, झाडं, जिवाणू सगळेच तो सोडत असतात आणि वापरणारं कुणी नसतं, त्यामुळे उजाडण्याच्या सुमाराला टाकीचा पीएच सगळ्यात खाली असतो. दिवा लागला की झाडं आणि शेवाळ तो ओढून घेतात आणि पीएच चढत जातो, संध्याकाळी सगळ्यात वर. एकाच वेळी मोजलेल्या पीएचवरून माशांचं काय होतंय हे कळत नाही. पहाटेचा आणि संध्याकाळचा असे दोन आकडे हवेत.

सकाळी ६:१०

वाघोलीच्या पुढची मोठी सोसायटी. मे महिना, गेटपाशी बोअरच्या पाण्याचे दोन टँकर उभे. ताईंनी दार उघडलं. आठवीतला मुलगा जागाच होता, टाकी त्याची आहे. काल फोनवर तीन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. सकाळी दिवा लावायचा नाही, एका स्वच्छ बादलीत नळाचं पाणी भरून त्यात रात्रभर एअर स्टोन चालू ठेवायचा, आणि मासा मेला तर टाकून न देता पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा. तिन्ही झालेल्या होत्या. तिसरीसाठी ताईंना सासूबाईंची समजूत काढावी लागली असणार, पण मासा होता.

तीन फुटी टाकी. वाळू आणि दगड वजा जाता साधारण १४० लिटर पाणी. तीन एंजल, सात निऑन टेट्रा, पाच मोली, व्हॅलिस्नेरिया बऱ्यापैकी वाढलेलं. महिन्याभरात निऑन एकेक करत गेले, काल एक एंजल गेला. मोली ठणठणीत. हे ऐकलं तेव्हाच माझी नजर एका दिशेला वळली होती, पण अंदाजाने टाकी बरी होत नाही.

मी आधी काही मोजत नाही, पाच मिनिटं नुसता बघतो. एंजल फिल्टरच्या धारेखाली तोंड करून होते, कल्ले भराभर उघडमीट करत. निऑनचे पंख मिटलेले, निळी पट्टी फिकट. फ्रीजमधला मासा बशीत ठेवून कल्ल्याचं झाकण चिमट्याने उचललं आणि भिंगातून मुलाला दाखवलं. निरोगी कल्ला ताज्या रक्तासारखा लाल असतो, त्याच्या पाकळ्या सुट्या दिसतात. इथे तो काळपट लाल, सुजलेला, पाकळ्या चिकट पदार्थाने एकमेकींना धरून बसलेल्या. फ्रीजमधल्या माशावरून छातीठोक निदान करता येत नाही, पण पाण्याचं दुखणं आहे एवढं दिसतं. अंगावर पांढरे ठिपके नव्हते, पंख कुरतडलेले नव्हते, पोट फुगलेलं नव्हतं.

मग मीटर. टाकी ८.१. बादली ८.५. नळ सोडून लगेच घेतलेलं पाणी ७.४.

"दादा, माझ्या किटवर कायम ७.६ येतं," मुलगा म्हणाला. त्याने कुपी दाखवली, गडद निळी. त्या किटमधला रंग ६.० ते ७.६ एवढ्याच पट्ट्यात बोलतो. त्याच्यावर पीएच ७.८ असो की ९, कुपी तेवढीच निळी. बाजारात सगळ्यात जास्त खपतं ते हेच किट. पुण्यात बोअरच्या पाण्यावर मासे ठेवणाऱ्याने वरच्या पट्ट्याचं किट घ्यायला हवं, हे विकणाऱ्याने सांगायला हवं.

तिन्ही आकड्यांतला बोलका आकडा बादलीचा. तिच्यात दगड नाही, झाड नाही, मासा नाही. नुसतं पाणी आणि बुडबुडे, तरी रात्रभरात ७.४ चं ८.५ झालं. जमिनीखालचं पाणी वर येतं तेव्हा त्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तोच त्याचा पीएच खाली धरून ठेवतो. हवा मिळाली की तो उडतो आणि पाणी आपल्या खऱ्या आकड्यावर जातं. म्हणजे पीएच टाकीने वाढवलेला नाही, पाणीच तसं आहे.

केएचच्या किटमध्ये थेंब मोजत गेलो. निळं पाणी अकराव्या थेंबाला पिवळं झालं. केएच ११, म्हणजे लिटरमागे जवळजवळ २०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून जिरत आलेल्या पाण्यात बायकार्बोनेट असणारच. पुण्यात पेठांमधून नळाला येणारं पाणी खडकवासल्याचं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही धरणं घाटातल्या पावसावर भरतात, त्या पाण्याला माझं किट तीन-चार थेंबांत पिवळं होतं. एकाच शहरातली दोन पाणी, आणि दोन्हीकडे दुकानातून त्याच पिशव्यांतून तेच निऑन जातात.

शेवटची कुपी अमोनियाची. दोन बाटल्यांतले थेंब टाकून थांबावं लागतं. तेवढ्यात मी फिल्टर उघडला. स्पंज नव्यासारखा पिवळाधमक. "रविवारी रविवारी धुतो ना," ताई म्हणाल्या, "नळाखाली, अगदी पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि त्याच दिवशी टाकीतलं पाणी बदलतो, तळाशी चार बोटं ठेवून. मग बाटलीतलं पीएच कमी करायचं औषध घालतो." कुपी हिरवी झाली होती, अमोनिया १ पीपीएम. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. गावोगावचे आरोग्यसेवक विहिरीत ती पावडर टाकल्यावर जी ओटी टेस्ट करतात तीच मी नळाच्या पाण्यावर केली, पिवळा रंग आला. दर रविवारी त्या क्लोरीनच्या पाण्याखाली फिल्टरमधली वस्ती धुऊन निघत होती आणि सोमवारपासून पुन्हा शून्यातून उभी राहत होती. तिला पुरं बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

सकाळी ७

या घरात मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो समजावण्यात, आणि तो वेळ मी कधीच वाचवत नाही. ताईंचा समज असा की साडेआठ पीएच माशांना मारतो, म्हणून तो कसाही करून सातवर आणायचा. मला त्यांना दाखवायचं होतं की तो एकटा मारत नाही. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, तो कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, विषारी तो हाच. कुठलं रूप किती हे पीएच आणि तापमान ठरवतात. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी. ८.१ ला शेकडा सुमारे ८. ८.५ ला शेकडा सुमारे १८. वहीच्या पानावर मुलाने स्वतः गुणाकार केला: १ पीपीएमच्या ८ टक्के, म्हणजे ०.०८. मोकळा अमोनिया ०.०२ ते ०.०५ च्या पुढे गेला की बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांचे कल्ले बिघडायला लागतात. अमोनिया शून्य असता तर याच ८.१ च्या पाण्यात हे एंजल, पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले, खुशाल राहिले असते. निऑन जरा कुरकुरले असते.

आणि ती बाटली. खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर फसफसतं, तेच टाकीत होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आम्ल बायकार्बोनेटशी भिडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीएच घसरतो. किट खूश, आपण खूश. मग एअर पंप तो वायू उडवून लावतो, उरलेलं बायकार्बोनेट शाबूत असतं, दुसऱ्या सकाळी पीएच जवळजवळ होता तिथे. पुन्हा औषध, पुन्हा घसरण. फॉस्फेटवाली बाटली असेल तर वर शेवाळाला खत. केएच ११ असलेल्या पाण्यात बाटलीने पीएच खाली ठेवायचा म्हणजे ते सगळं बायकार्बोनेट जाळायचं, आणि ते जळलं की पाण्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे. घरच्या टाकीसाठी ही बाटली विकतच घेऊ नये.

बोलता बोलता काम चालू होतं. एक दगड काढून त्यावर व्हिनेगर टाकलं, बारीक बुडबुडे आले. संगमरवर. "म्हणजे हाच!" मुलगा म्हणाला. संशयित आहे, पण आत्ता निर्दोष. पीएच आठाच्या वर असताना संगमरवर फारसा विरघळत नाही, आणि बादलीने तर दगडाशिवायच ८.५ गाठलं होतं. तरी दगड बाहेर काढायला सांगितले, कारण पुढे मृदू पाणी घातलं तर ते विरघळायला लागतील आणि केलेलं काम उलटवतील.

सायफनने तीस टक्के पाणी काढलं. रात्रभर ठेवलेली बादली आणि एक ताजी बादली अँटी-क्लोरीन घालून, पाइपने हळूहळू आत सोडली. माझा मळकट स्पंज त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला. दोन दिवस खाणं बंद. ताईंचा चेहरा उतरला, पण मोठ्या माशाला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही, आणि खाल्लेलं सगळं शेवटी अमोनियाच होऊन बाहेर येतं. दिवा दहाच्या ऐवजी दुपारी एकला लावा म्हटलं. संध्याकाळी पुन्हा येतो.

सकाळी ८:१५

खाली पंपघरात. सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय हे ताईंनी सांगितलं होतं, तेव्हा "आमचं पाणी तर सॉफ्ट आहे" असंही त्या म्हणाल्या होत्या. प्लंबरमामांनी सॉफ्टनरच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नळ उघडून दिले, शेजारी मिठाची पोती रचलेली. आधी: जीएच १८, केएच ११. नंतर: जीएच २, केएच ११. मामा वाकून बघत होते. हे यंत्र पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात मिठातलं सोडियम सोडतं, बायकार्बोनेटला हातही लावत नाही. त्यामुळे गीझरमध्ये थर बसत नाही, साबणाला फेस येतो, आणि माशांसाठी पीएच होता तिथेच राहतो. शहराबाहेरच्या कितीतरी सोसायट्यांमधले लोक या यंत्राच्या भरवशावर निऑन आणि डिस्कस आणतात. मामांना म्हटलं, आणखी कुणी मासेवाले विचारतील तर हे सांगा. त्यांनी दोन्ही आकडे पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले.

सकाळी ९:४५

खराडीतलं ऑफिस. स्वागतकक्षात पाच फुटी टाकी, मलावी सरोवरातले सिक्लिड. पाणी तिथलंही बोअरचं, पीएच ८.३, केएच १२. पिवळे, निळे मासे एकमेकांच्या अंगावर धावतायत, एका मादीचं तोंड पिल्लांनी फुगलंय. आफ्रिकेतल्या त्या सरोवराचं पाणी मुळातच ७.७ ते ८.६ च्या दरम्यान असतं. इथे मी पाण्याला काहीच करत नाही. क्लोरीन मारतो आणि ओततो. अमोनिया शून्य, काच पुसली, निघालो.

सकाळी ११:३०

हडपसरचं दुकान. चेन्नईच्या कोलत्तूरहून माल आला होता. देशात शोभेच्या माशांची पैदास जिथे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर होते त्यातली ती वस्ती. थर्माकोलच्या पेट्यांत फुगवलेल्या पिशव्या. एका निऑनच्या पिशवीतलं पाणी शेठच्या समोर मोजलं: पीएच ६.४, अमोनिया किटच्या शेवटच्या रंगापर्यंत. प्रवासभर मासे श्वास सोडतात, कार्बन डायऑक्साइड कोंडतो, पीएच खाली जातो. त्या खालच्या पीएचमुळेच एवढा अमोनिया असूनही मासे जिवंत पोचतात, कारण जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो. पिशवीचं तोंड उघडलं की वायू उडायला लागतो आणि तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो.

"म्हणून पिशवी उघडी करून तासभर टाकीत तरंगत ठेवायची नाही, शेठ. बंद असताना वीस मिनिटं ठेवा, तापमान जुळू द्या. उघडल्यावर रेंगाळायचं नाही, जाळीने उचलून टाकीत. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये."

"गिऱ्हाइकाला उलटं सांगतो आम्ही, थोडं थोडं पाणी मिसळत राहा म्हणून."

"दुकानातून घरी अर्ध्या तासात नेलेल्या पिशवीला ते चालतं. दीड दिवस बंद असलेल्या पिशवीला नाही."

शेठने पोऱ्याला हाक मारून तिथल्या तिथे पद्धत बदलायला लावली. आणखी एक मागणं केलं, की गिऱ्हाइकाला मासा देण्याआधी एवढंच विचारा, पाणी कुठलं, कॉर्पोरेशनचं की टँकरचं? टँकरवाल्याला गप्पी, मोली, प्लॅटी दाखवा. शेठ हो म्हणाले. धंद्याचं गणितही त्यांना पटलं, मासा जगला तर गिऱ्हाईक परत येतं.

दुपारी १

डबा, गाडीतच. फोनवर ताई: एंजल धारेखालून हलले आहेत.

दुपारी २:३०

सहकारनगर. जुना बंगला, अंगणात कमळासाठी बांधलेला नवा सिमेंटचा हौद. काल त्यात पाच गोल्डफिश सोडले, सकाळी सगळे तरंगत होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "क्युरिंग मी स्वतः उभं राहून एकवीस दिवस करून घेतलंय," ते म्हणाले. त्यांच्या कामात खोट नव्हतीच. पाण्याखाली ठेवून सिमेंटला बळ येतं, पण त्यातला चुना पुढे कित्येक आठवडे पाण्यात सुटत राहतो. मीटर बुडवला: १०.४.

इथे मात्र पीएचच मारेकरी. मेलेल्या माशांच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा, अंगावर बोटाला चिकटेल असा जाड थर, कल्ले फाटल्यासारखे. दहाच्या वर पाणी कातडी आणि कल्ले सरळ जाळतं, अमोनिया असो वा नसो. काकांना नळाच्या पाण्याचा पीएचही बघायचा होता, तो ७.३ निघाला आणि केएच ३.

"पाणी तर उत्तम आहे मग?"

उत्तम आहे, आणि म्हणूनच इतकं चढलं. वाघोलीच्या पाण्यात हाच हौद भरला असता तर तिथल्या बायकार्बोनेटने सुटणाऱ्या चुन्याचा बराच भाग पकडून कार्बोनेट करून खाली बसवला असता. खडकवासल्याच्या मृदू पाण्यात अडवायला कुणी नाही. सकाळी ज्या केएच ११ ला ताई शत्रू समजत होत्या त्याचा हा दुसरा गुण. फिल्टरमधले जिवाणूही अमोनिया पचवताना हेच बायकार्बोनेट वापरतात, आणि ते संपलेल्या जुन्या टाक्यांत पीएच उलट कोसळतो. काकांनी ऐकून घेतलं आणि एकदम म्हणाले, "म्हणजे आकडा किती हे नंतर, त्याला धरून काय आहे ते आधी." मला दिवसभर जे सांगायचं असतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

उपाय सोपा, पण वेळखाऊ. हौद भरायचा, तीन-चार दिवसांनी रिकामा करायचा, आतून घासायचा, पुन्हा भरायचा. केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून कुजू देणं ही हौद मुरवण्याची जुनी पद्धत आहे, त्यातून सुटणारी आम्लं चुना मारतात. घाई असेल तर आतून इपॉक्सीचा लेप. आठवडाभर पाणी ठेवूनही पीएच ८.५ च्या खाली राहिला की मग मासे. काकांच्या परसात केळ होती. ते कोयता आणायलाच गेले.

दुपारी ४

बिबवेवाडीत एक नेहमीची टाकी, पाणी बदललं. तिथल्या आजी देशी बदामाची वाळलेली पानं गोळा करून ठेवतात, बेटा माशासाठी. पाणी चहाच्या रंगाचं, मासा तजेलदार. केएच ३ च्या पाण्यात ही पानं आणि एखादा लाकडाचा ओंडका पीएच खरंच थोडा उतरवतात. केएच ११ मध्ये फक्त रंग येतो. आजींना याची फिकीर नाही, त्यांचं पाणी योग्य आहे.

संध्याकाळी ६:४०

पुन्हा वाघोलीच्या पुढे. दिवा दुपारी एकपासून चालू. पीएच ८.५. अमोनियाची कुपी फिकी हिरवी, ०.५. मुलगा उड्या मारायला लागला, "अर्धा झाला!" मी त्याला पुन्हा गुणाकार करायला लावला. ०.५ चे १८ टक्के, ०.०९. सकाळी ०.०८ होतं. एकूण अमोनिया निम्म्यावर आला तरी विषारी भाग तसूभर कमी झालेला नाही, कारण पीएच दिवसभरात चढला. तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणूनच निऑन नेहमी संध्याकाळी मरायचे." हे त्याचं त्याने जोडलं, मी सांगितलेलं नव्हतं.

आणखी तीस टक्के पाणी बदललं. अमोनिया बांधून ठेवणाऱ्या कंडिशनरची मात्रा घातली. त्याने साधारण एक दिवस उसंत मिळते. किटवर आकडा मात्र दिसत राहतो, कारण किट बांधलेला आणि मोकळा दोन्ही मोजतं, तेव्हा त्याला घाबरून दुप्पट मात्रा घालू नका हे बजावलं. दिवा सहा तासांवर. स्पंज आता नळाखाली जाणार नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत, महिन्यातून एकदा दोनदा पिळायचा. पाणी आठवड्याला पंचवीस टक्के, रात्रभर हवा दिलेलं.

"आणि पीएच? तो उतरवायचाच नाही?" ताईंनी विचारलं. विचारणं बरोबर होतं. उतरवायचा झाला तर बाटलीने नाही, केएच कमी करूनच, म्हणजे आरओचं पाणी मिसळून. त्याचा हिशेब आधी कळायला हवा. निम्मं आरओ मिसळलं की केएच निम्मा होतो, पीएच मात्र फक्त ०.३ ने उतरतो. ८.१ चा ७.८. तीन चतुर्थांश मिसळलं तर ०.६. लोक निम्मं आरओ घालून सातची वाट बघतात. शिवाय लिटरभर आरओमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं, आणि ते वाया जाणारं पाणी टाकीत घालून चालत नाही, सगळे क्षार त्याच्यातच उतरलेले असतात.

मी त्यांना खिडकीतून टँकर दाखवला. मे महिन्यात विकत घेतलेलं पाणी सात निऑनसाठी मोरीत सोडावं, हे मला पटत नाही आणि मी कुणाला सुचवत नाही. जून लागला की गच्चीवरच्या पन्हाळीचं पावसाचं पाणी मिसळता येईल, पहिले काही पाऊस गच्ची धुऊन जाऊ दिल्यावर. तोवर एंजल आणि मोली या पाण्यात आनंदाने राहतील. निऑनना मात्र दुसरं घर शोधलेलं बरं. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "कुठे?" सदाशिव पेठेत एक बाई आहेत, त्यांच्या टाकीत आधीच निऑनचा थवा आहे आणि नळाला खडकवासला. तिथे त्यांना बघायला जाता येईल. तो तयार झाला, आणि लगेच त्यांच्या जागी गप्पी किती मावतील हे विचारायला लागला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तीन आठवडे सलग शून्य दिसेपर्यंत एकही नाही, हे त्याने वहीत लिहून घेतलं.

रात्री ९:३०

घरी. दिलेल्या स्पंजच्या जागी नवा स्पंज माझ्या टाकीत लावला, त्यात वस्ती बसायला महिना-दीड महिना जाईल. कुप्या नळाच्या आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उलट्या टाकल्या. मीटरचं टोक पोटॅशियम क्लोराइडमध्ये.

मुलाचा मेसेज: अमोनिया ०.२५ आणि ०.५ च्या मधला, सातही निऑन दिसतायत. सदाशिव पेठेतल्या बाईंशी बोललो, शनिवारी दुपारी चालेल म्हणाल्या. केएच ११ मधून ३ मध्ये नेताना उलट दिशेपेक्षा जास्त जपावं लागतं, अंगातले क्षार सांभाळायला माशाला वेळ लागतो. त्यामुळे झाकणाची बादली, बारीक नळी आणि गाठ मारून थेंबथेंब सोडायची तयारी ठेवायची, निदान तीन तास. बाईंना सांगितलं, त्या दिवशी टाकीचा दिवा लावू नका, आणि संध्याकाळपर्यंत मी तिथेच असेन.